बांगड्या कोण फोडतं? : वर्गातल्या नाटकाविषयी

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे हे शब्दांकन. भाषणात उल्लेख आलेली शाळा आणि मुले यांची नावे व ओळखीच्या खुणा मुद्दामच दिलेल्या नाहीत.)

मैत्रिणींनो,

जेवणानंतरच्या सत्राला नाटकाचा विषय ठेवला म्हणजे कोणाला झोप येणार नाही, असा हिशेब आयोजकांनी केलेला दिसतो. पण मी आज तुमच्याकडून गाणी म्हणून घेणार नाही की पथनाट्यही बसवून घेणार नाही. मला सांगायचे आहे ते शाळेतल्या वर्गात, बाके भिंतीला सरकवून, प्रेक्षकांशिवाय केलेल्या नाटकाविषयी. मी आणि माझी एक सहकारी २०२२ पासून नववीच्या मुलामुलींबरोबर हे काम करत आहोत. त्यात आम्ही काय केले, कुठे चुकलो आणि आपल्या चळवळीच्या कामाविषयी त्यातून मला कोणते प्रश्न पडले, एवढेच मांडते.

आपल्याला नाटक नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी कसा लुबाडतो ते दाखवले आहे, आणि शेवटी ते दोघे रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. पुढे सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' गावोगाव नेले. ते पाहून चळवळीकडे वळलेल्या कोणी इथे बसलेल्याही असतील. आणि ताज्या बातमीवर बोलणे हेही आपल्याला नवे नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला मूल मारल्याबद्दल १८८१ साली शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून समस्त बाईजातीला नावे ठेवली गेली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिले. एका बातमीतून त्यांनी सगळ्या समाजाला प्रश्न विचारले.

पण पथनाट्यात आणि वर्गातल्या नाटकात एक मोठा फरक आहे. पथनाट्य करताना शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. सासू वाईट, नवरा दारुडा, सून सोसणारी, आणि शेवटी सगळ्याजणी मुठी वळून घोषणा देतात. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. चौकात वीस मिनिटांत माणसे थांबवायची तर ते तसेच करावे लागते. मात्र तेच नाटक वर्गात नेले की मुले आपल्याला हवे ते बोलून दाखवतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्यांना काय ऐकायचे असते ते फार चांगले कळते. ती छान भाषण करतात, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी गेल्यावर काहीच हललेले नसते.

बातमीत कोण नाही?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी बायकोचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला ६ मे २०२२ रोजी शंभर वर्षे होत होती, त्या निमित्ताने तो झाला. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असे प्रबोधन करावे असे कळवले. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांनंतरचा तो काळ. गावोगाव पंचविशी-तिशीतल्या बाया विधवा झाल्या होत्या.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही ती बातमी घेऊन वर्गात गेलो. शाळा शेजारच्या तालुक्यातली. वर्गात बेचाळीस मुले, त्यात तेवीस मुली. शनिवारी सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास आम्हांला मिळाले, आठ शनिवार.

पहिल्या शनिवारी आम्ही फक्त बातमी मोठ्याने वाचली आणि विचारले, "या बातमीत कोण कोण आहे?" सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, शासन, अशी नावे फळ्यावर आली. मग विचारले, "यात कोण नाही?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "जिचा नवरा मेलाय ती." मग यादी वाढत गेली. तिची पोरगी. सासू. दीर. शेजारीण. बांगड्या भरणारा कासार. आणि एक मुलगी अगदी हळू म्हणाली, "बांगड्या फोडणारी."

त्या दिवशी ती नावे फळ्यावर तशीच ठेवून आम्ही घरी आलो. खरे नाटक तिथूनच सुरू झाले होते.

पात्र उभे कसे राहते

दुसऱ्या शनिवारी गट पाडून एकेका गटाला एकेक पात्र दिले. नियम दोन होते. पात्राला आपल्या गावातल्या खऱ्या माणसाचे नाव द्यायचे नाही, आणि बातमीतल्या खऱ्या माणसाचे सोंग करायचे नाही. प्रत्येक गटाने पात्राबद्दल सहा प्रश्नांची उत्तरे लिहायची. वय काय? सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते? हातात पैसे कुठून येतात? भीती कशाची वाटते? हवे काय आहे? आणि शेवटचा प्रश्न, जो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, ती किंवा तो कोणती गोष्ट कोणापाशीच बोलत नाही?

विधवा झालेल्या बाईचे नाव मुलांनी रंजना ठेवले. वय एकोणतीस. पहिले काम म्हशीची धार. पैसे कुठून येतात? "दुधाच्या बिलातनं. पण डेअरीत सभासद नवरा हाय, बिल त्याच्या नावावर निघतं." ती काय बोलत नाही? गटातल्या दोघींनी बराच वेळ वाद घालून लिहिले, "तिला नवऱ्याचा राग येत होता, हे."

मैत्रिणींनो, मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गटकार्याचा विषय शिकले. एकल स्त्रियांच्या प्रश्नांवर शिबिरे घेतली. पण मेलेल्या नवऱ्याचा राग येणारी विधवा माझ्या कोणत्याही पथनाट्यात मी लिहिली नव्हती. माझी विधवा कायम बिचारी होती. पात्राला पोटापाण्याचे प्रश्न विचारले की ते बिचारे राहत नाही, त्याचे माणूस होते.

आम्ही रंजनाला आडनाव दिले नव्हते. जात नको, असा माझा शहाणपणा. मुलांनी लगेच विचारले, "तिचं घर गावात कुठं हाय?" वेशीजवळ, माळावर की देवळामागे, हे ठरल्याशिवाय मुलांना पुढे सुचेना, कारण कोणत्या आळीत घर आहे यावरून अंत्यविधीला कोण येणार, कोण नुसते लांब उभे राहणार हे ठरते. जात आपण लिहिली नाही म्हणून नाटकातून जात नाही. तेव्हापासून आम्ही पात्राचे घर नकाशावर दाखवायला सांगतो. वर्गातली एक मुस्लिम मुलगी म्हणाली, "आमच्यात हे नसतं, पण चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही." लगेच 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' सुरू झाले. कोणाचा समाज जास्त मागासलेला, याची स्पर्धा व्हायला वेळ लागत नाही. आम्ही प्रश्न बदलला. "या प्रत्येक रिवाजात बाईला काय काय करता येत नाही, त्याची यादी करा." दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहिल्यावर वाद आपोआप थांबला.

माझी चूक

आता चुकीविषयी. तिसऱ्या शनिवारी आम्ही अंत्यविधीनंतरचा प्रसंग 'स्टॅच्यू'च्या खेळातून उभा केला. सगळ्यांना येणारा खेळ. पात्रे आपापल्या जागी उभी राहतात, मी 'स्टॅच्यू' म्हटले की थिजतात. मग मी ज्याच्या खांद्याला हात लावीन त्याने मनातले एक वाक्य बोलायचे. प्रसंग खरा वाटावा म्हणून मी बाजारातून डझनभर काचेच्या हिरव्या बांगड्या नेल्या होत्या. रंजनाच्या मुलीची, पिंकीची, भूमिका मी समोर बसलेल्या एका मुलीला दिली, कारण ती शांत होती आणि मला वाटले तिला संधी मिळावी.

पहिली बांगडी फुटली त्या आवाजासरशी ती मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मग वर्गाबाहेर गेली. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. वर्गशिक्षिकेला ते माहीत होते. मी विचारलेच नव्हते.

माझी सहकारी तिच्याजवळ बाहेर पायरीवर बसून राहिली. मी वर्गात उरलेल्या मुलांसमोर काचा गोळा करत होते. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली. आपण म्हणतो की बाईच्या अनुभवापासून सुरुवात करायची. खरे आहे. पण तो अनुभव तिच्या संमतीशिवाय, काचेच्या आवाजाने, बेचाळीस जणांसमोर बाहेर काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, तिची आणि तिच्या आईची माफी मागितली. आई एवढेच म्हणाली, "तिला त्या दिवशी कुणी आत बसू दिलं न्हाई आन कुणी भाईर जाऊ दिलं न्हाई." मुलगी काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी ती आली आणि मागे बसली. त्या पुढच्या शनिवारी तास सुरू व्हायच्या आधी तिने मला विचारले, "मॅडम, बांगड्या फोडणारी मी होऊ का?"

मी लगेच हो म्हटले नाही. आईला विचारले, वर्गशिक्षिकेला विचारले, आणि तिला सांगितले की कोणत्याही क्षणी 'बस' म्हटलेस की थांबायचे, कारण सांगायचे नाही. खऱ्या बांगड्या तर आम्ही कायमच्या बंद केल्या होत्या. कागदाच्या पट्ट्यांची कडी वापरत होतो.

प्रश्नांची खुर्ची

पाचव्या शनिवारी ती खुर्चीत बसली. या पद्धतीत पात्र खुर्चीत बसते आणि वर्ग त्याला प्रश्न विचारतो. पात्राने पात्र म्हणूनच उत्तर द्यायचे. ब्रिटनमध्ये डोरोथी हीथकोट या शिक्षिकेने वर्गात नाटकातून शिकवण्याचे मोठे काम केले. शिक्षिकेने स्वतःही एखादी भूमिका घेऊन वर्गात शिरावे, ही त्यांची रीत. आम्हीही तसेच करतो. त्या दिवशी मी भावकीतली एक सून होऊन खुर्चीशेजारी उभी होते, म्हणजे तिला एकटे वाटू नये.

पात्राचे नाव शेवंताआक्का. वय साठ. स्वतः विधवा. पहिला प्रश्न एका मुलाने रागानेच विचारला, "तुम्ही बायका असून बाईच्या बांगड्या का फोडता?"

ती म्हणाली, "मी न्हाई फोडल्या तर दुसरी कुणीतरी फोडंल. आन ती जोरात फोडंल. हाताला लागतं. मी दमानं फोडते."

वर्ग शांत झाला. मग दुसरी मुलगी म्हणाली, "तुमच्या कुणी फोडल्या?" उत्तर आले, "माझ्या थोरल्या जावंनं. तिनं लई जोरात फोडल्या." अजून एक प्रश्न, "तुम्हाला हळदीकुंकवाला बोलवतात का?" "न्हाई. हे एकच काम हाय, ज्याला मला बोलवत्यात."

मैत्रिणींनो, या वाक्यावर मी अजून विचार करते आहे. जिला कोणत्याही मंगलकार्यात जागा नाही, तिला या एका कामात मान दिला जातो. व्यवस्था बायकांकडूनच बायकांना कशी सांभाळून घेते, यावर आपण किती व्याख्याने दिली आहेत! चौदा वर्षांच्या मुलीने ते तीन उत्तरांत सांगितले, आणि तिने शेवंताआक्काला माफही केले नाही किंवा शिव्याही दिल्या नाहीत.

खुर्चीतून उठल्यावर भूमिका उतरवायची असते. आमची पद्धत साधी आहे. नळावर हात धुवायचे, वर्गात येऊन आपले स्वतःचे नाव मोठ्याने सांगायचे, आणि 'मी शेवंताआक्का नाही' असे म्हणायचे. मग एक गंमतीचा खेळ. हे कधीही चुकवू नका.

"सिनेमा!"

सहाव्या शनिवारपासून प्रसंग बदलून पाहायला सुरुवात केली. ही पद्धत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल (१९३१-२००९) यांची. लष्करी राजवटीने १९७१ साली त्यांना अटक केली, छळ केला, पुढे त्यांना देश सोडावा लागला. 'शोषितांची रंगभूमी' हे त्यांच्या कामाचे नाव. त्यांनीच सांगितलेली हकिगत अशी की, पेरूमध्ये एका बाईने नटांना सुचवलेला शेवट नटांना मनासारखा करता येईना, तेव्हा ती वैतागून स्वतःच मंचावर चढली. तिथून प्रेक्षकाने उठून पात्राची जागा घ्यायची ही रीत त्यांनी पुढे नेली. बंगालमध्ये 'जन संस्कृती' हा गट १९८५ पासून खेड्यापाड्यांत असे काम करतो.

यात एक नियम आहे. जिच्यावर अन्याय होतो तिच्या, किंवा तिच्या बाजूने उभ्या राहू शकणाऱ्या माणसाच्या जागी जायचे. अन्याय करणाऱ्याच्या जागी जाऊन त्याला एकदम चांगले करायचे नाही. तसे खऱ्या आयुष्यात होत नसते. आमच्या मुलांनी याला स्वतःचा शब्द काढला. कोणी न पटणारे केले की सगळा वर्ग ओरडायचा, "सिनेमा!"

पहिल्यांदा एक मुलगी पिंकी झाली आणि तिने हेरवाडच्या ठरावावर खणखणीत भाषण केले. "सिनेमा!" बारा वर्षांची पोर भावकीसमोर, बाप गेलेला असताना बोलेल? मग एकीने शेजारीण होऊन रंजनाचा हात घट्ट धरला. सासू झालेली मुलगी म्हणाली, "तुझा नवरा जिता हाय, तुला काय?" आणि तिला बाजूला केले. हे सगळ्यांना खरे वाटले, पण बांगड्या फुटल्याच. मग सरपंचाला बोलवायचे ठरले. सरपंच झालेला मुलगा म्हणाला, "मी मयताबरोबर पुरुषांत पुढं गेलोय. बायकांत काय चाललंय मला काय दिसतंय?"

दीर झालेल्या मुलालाही खुर्चीत बसवले. तो म्हणाला, "मला वहिनीचं वाईट वाटतंय. पण ती बांगड्या घालून हिंडाय लागली तर दोन महिन्यांनी रानात उभी राहील आन म्हणंल, माझा वाटा कुठाय." वर्गातल्या कोणालाही आम्ही मालमत्तेच्या हक्काविषयी एक शब्द बोललो नव्हतो. बांगडीच्या मागे रान आहे, हे त्या मुलाने दिराच्या जागी बसून शोधले. पुढच्या शनिवारी आम्ही सातबाऱ्याचा उतारा घेऊन गेलो. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून विधवा ही मुलांबरोबर आणि मृताच्या आईबरोबर पहिल्या वर्गाची वारस आहे. तलाठ्याकडे अर्ज केला की गाव नमुना सहा-क मध्ये वारसाची नोंद होते, मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव येते. हे मी एरवी सांगितले असते तर मुलांनी जांभया दिल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी उतारा हातातून हातात फिरवून पाहिला. एका मुलीने विचारले, "आन डेअरीच्या बिलाचं?" तिला रंजनाची म्हैस आठवत होती.

त्याच शनिवारी, म्हणजे सातव्या, एक मुलगी वैतागून म्हणाली, "पण हे सगळं तिथंच का थांबवायचं? तिथं रंजनाला बोलायचं भानच न्हाई. आदी का न्हाई?" तिथून नाटक मागे गेले. आठव्या शनिवारी मुलांनी केलेला प्रसंग असा होता. सहा महिन्यांपूर्वीची बचत गटाची बैठक. हप्ते गोळा झाले आहेत, बाया उठायच्या बेतात आहेत. एक बाई म्हणते, "माझं कुंकू पुसायला कुणी आलं तर मला काय पायजे ते मी आजच सांगून ठेवते." मग दुसरी सांगते. तिसरी म्हणते, मला नको, माझ्या बांगड्या काढल्या तरी चालतील, पण फोडायच्या नाहीत. चौथी शेवंताआक्काला विचारते, "आक्का, तुम्ही आमच्याकडनं हाय का?" शेवंताआक्का बराच वेळ गप्प बसते आणि म्हणते, "लिवा माझं नाव."

या वेळी "सिनेमा" कोणी ओरडले नाही.

दाखवायचे की नाही

मुख्याध्यापक सरांना हे सगळे कानावर गेले होते. त्यांनी प्रेमाने सुचवले की ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सगळ्या गावासमोर हे नाटक करा. मलाही मोह झाला. देणगीदारांना फोटो पाठवता आले असते. आम्ही मुलांना विचारले. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि सांगितले, बांगड्या फोडण्याचा प्रसंग दाखवायचा नाही, बचत गटाचा दाखवायचा. कारण विचारले तर एक मुलगा म्हणाला, "गावात ज्यांच्या फुटल्यात त्या समोर बसणार की." मला माझ्या डझनभर हिरव्या बांगड्या आठवल्या.

आता तुम्ही विचाराल, याने झाले काय? त्याच वर्षी त्या गावात एक तरुण माणूस अपघातात गेला. त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या गेल्या. आमच्या वर्गातल्या दोघी तिथे होत्या. त्यांनी काही थांबवले नाही. त्यांनी थांबवावे अशी अपेक्षा ठेवणेही क्रूरपणाचे आहे, ते काम आपले, मोठ्यांचे आहे. पण त्यांतली एक मला म्हणाली, "मॅडम, आदी मला नुसती गर्दी दिसायची. या वेळी कोण पुढं झालं, कोण मागं सरकलं, कुणाचा हात थरथरला, ते दिसलं." ज्या बाईचा हात थरथरला, तिच्याकडे आमच्या गटाची कार्यकर्ती पुढच्या आठवड्यात गेली. आज ती बाई गटाच्या बैठकीला येते. एवढेच झाले आहे, त्याहून जास्त मी सांगणार नाही.

करायचे असेल तर

तुमच्यापैकी ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. बातमी त्याच गावातली घेऊ नका, पण मुलांना परकी वाटेल अशीही नको. भूमिका वाटण्याआधी वर्गशिक्षिकेशी बसून प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती विचारा, आणि तरीही भूमिका मुलांना निवडू द्या. 'तुझ्या घरी असे झाले आहे का' हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नका. पात्राच्या आडून बोलता येते म्हणूनच मूल बोलते. कोणी पुढे येऊन स्वतःचे सांगितलेच तर ते एकांतात ऐका, आणि ऐकायला दोघी असा. लैंगिक अत्याचाराचे काही कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे आपल्याला बंधनकारक आहे. म्हणून 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन मुलाला देऊ नका. १०९८ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मुलगे आणि मुली एकत्र असू द्या. दीर मुलग्यानेच व्हावा असे नाही आणि शेवंताआक्का मुलीनेच व्हावे असेही नाही. आणि शेवट ठरवून वर्गात जाऊ नका. मला माहीत आहे, हे आपल्याला सर्वांत जड जाते.

आपण ज्यांच्याशी भांडतो त्यांना माणूस म्हणून उभे केले तर आपला लढा मऊ पडेल, अशी भीती मला वाटायची. अनुभव उलटा आहे. शेवंताआक्काला राक्षसीण केले असते तर तिच्याकडे जायचा रस्ता आम्हांला सापडला नसता. ती दमाने फोडते हे कळले, म्हणून 'फोडूच नका' असे तिला विचारता आले.

बास. आता समोरच्या टेबलावर या आठवड्याची वर्तमानपत्रे ठेवली आहेत. चार-चारजणींचे गट करा, एकेक बातमी निवडा, आणि पहिली पंधरा मिनिटे फक्त एवढेच लिहा की या बातमीत कोण नाही. मग पुढचे बघू.